घराच्या मापाची सायकल

“निळी हाडली आणि एक दिस मी तिच्यार बसलो, तर माझी ढोपरां कानाक लागतली!” गौरेश म्हणाला आणि खुर्चीवर गुडघे वर घेऊन कसं दिसेल तेही त्याने दाखवलं. खुर्ची कुरकुरली.

“पण तू कित्याक बसतलस तिच्यार?” आनंदीने विचारलं. “सायकल माझ्यासाठी घेतंव मा?”

“आयकलंस गो आई? वयनी माझा-तुझा करूक लागली.”

“तसा नाय रे. मी म्हणतंय काय, तांबडेचो ब्रेक धरूक माझो हात पुरना नाय. खरा सांग, तू बघलंस मा दुकानात?”

“सवय नाय म्हणान. सवय झाली की सगळा पुरता.”

शेवंतीबाय जमिनीवर पाय पसरून वालीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “ह्या घरात एकट्यासाठी वस्तू येत नाय. तुझ्या सासऱ्यान रेडिओ हाडललो, तो सगळ्यांनी आयकलो. मिक्सर हाडललो तोय सगळ्यांचो. आता सायकल तेवडी हिचे एकलेची?”

“रेडिओक माप नसता, आई.”

“बोलूक बरा येता तुका,” सासूबाई म्हणाल्या.

आनंदीचा नवरा शिवदास खिडकीशी उभा राहून चहा पीत होता. तो पेडण्याला वीज खात्यात कारकून. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घरी आलेला माणूस जसा असतो तसा तो रविवारीही असे. “जरा हळू बोला मरे,” तो म्हणाला. “भायर आयकाक जाता.”

म्हापशाच्या शोरूममधून आनंदी, शिवदास आणि गौरेश दुपारी परत आले, तेव्हापासून हे चाललं होतं. पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला होता. त्याने दिलेले उंडे टेबलावर तसेच गार होत पडले होते. सकाळ-संध्याकाळ भोंपू वाजवत येणारी त्याची सायकल सोडली, तर कोरगावच्या त्या वाड्यावर सायकल आता फारशी कुणाकडे राहिली नव्हती. म्हणूनच आनंदीने पहिल्यांदा सायकलचं नाव काढलं तेव्हा शेवंतीबाय हसत सुटल्या होत्या. “पोदेरासारखी भोंपू वाजवत जातलंस? माका दोन उंडे दी हां!”

आनंदीने तेव्हा शुगरचं कारण सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं. तुयेच्या ज्या कारखान्यात ती गोळ्यांच्या पाकिटांच्या तपासणीला बसते, तिथे वर्षातून एकदा सगळ्यांचं रक्त तपासतात. या वेळी तिचा आकडा काठावर आला. डॉक्टर म्हणाले, चाला, पोहा, सायकल चालवा. त्यातलं एकच आनंदीला येत होतं असं नाही, पण तिने तेवढं एकच ऐकलं.

खरं कारण मयेला होतं.

मये म्हणजे डिचोली तालुक्यातलं तिचं माहेर. आई गेली, भाऊ बोटीवर. घरात वडील एकटे. पूर्वी ते खाणीवर टाइमकीपर होते. अजून स्वतःचं स्वतः करतात, जेवणाचा डबा शेजारच्या घरातून येतो, पण हल्ली एकच गोष्ट दोनदा विचारतात. कोरगावहून मयेला जायचं तर तीन बसगाड्या बदलाव्या लागतात. नाहीतर शिवदासला सुटी हवी, त्याचा मूड हवा, स्कूटरमध्ये पेट्रोल हवं. त्याने कधी नाही म्हटलं असं झालं नाही. “जावया गो, पुढच्या आयतारी,” असंच तो म्हणतो. आणि पुढच्या आयतारी कुठेतरी बारसं असतं.

एकदा ती बसने एकटीच गेली होती. पिशवीत वडलांसाठी नवे टॉवेल आणि थोडे काजू होते. मयेच्या तिठ्यावर ती उतरली, तेव्हा दुकानासमोरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. घरी पोचली तर वडील दारातच घाबरून उभे होते. कुणीतरी तिच्या आधीच निरोप पोचवला होता. “कोणावांगडा इलंस गो बाय?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, एकटीच. “भांडान इलंस?” ती कितीही सांगत राहिली तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी शिवदासला फोन लावला आणि जावयाची माफी मागितली. कशाबद्दल, ते शिवदासलाही कळलं नाही. संध्याकाळी तो तिला न्यायला आला, तेव्हा कुठे वडील जेवले.

पिशवी घेऊन बसमधून एकटी उतरणारी लेक भांडून आलेली असते, हे गावात ठरलेलं आहे. सायकलवरून येणाऱ्या बाईबद्दल अजून काही ठरलेलं नाही. हा विचार आनंदीला कारखान्याच्या बसमध्ये सुचला, वैशालीच्या शेजारी बसलेली असताना.

वैशाली कागलची. नवऱ्याच्या नोकरीमागे तुयेला आली आणि याच कारखान्यात क्वालिटी विभागात लागली. रविवारी पहाटे ती आणखी काही जणांबरोबर लांब लांब सायकल मारत जाते. केरीला फेरीबोटीत सायकल चढवून तेरेखोलच्या किल्ल्यावर, कधी सावंतवाडीपर्यंत. आनंदीने विचारलं तेव्हा ती मोकळेपणाने म्हणाली, “ताई, लांब जायचं तर स्पीडचं डोक्यातनं काढायचं. आणि फोटो बघून घ्यायची नाही. बसून बघायची. हात हँडलवर ठेवला की कोपरं जरा वाकलेली राहिली पायजेत. पाच मिनिटांनी काय कळत नाही, अर्ध्या तासानं मान काय म्हणतीया ते बघायचं.”

आनंदीला तिच्याच बरोबर शोरूमला जायचं होतं. पण शिवदास म्हणाला, “सायकल काय भाजी आसा, बायलांनी जाऊन हाडूक?” आणि तो प्रेमाने बरोबर आला. गौरेशला गाड्यांतलं कळतं म्हणून तोही आला. गौरेश शिवदासचा धाकटा भाऊ, अजून लग्न न झालेला, जिमला जाणारा, घरातल्या सगळ्यांपेक्षा हातभर उंच.

शोरूममध्ये मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली हँडलं बघून शिवदास आधी चपापला. “ह्या असा ओणवा होऊन बसूक जाता? लोक काय म्हणतले?” दुकानदाराने समजावलं की रोड बाइकचं हँडल असंच असतं, लांबच्या वाटेवर हात बदलता येतात म्हणून. मग त्याने आनंदीला एकदा वरून खाली पाहिलं आणि निळी काढली. हँडल थोडं उंच आणि जवळ, टायर जरा रुंद, चढावर पायाला हलके पडतील असे गिअर.

“मागच्या गल्लीतून एक फेरी मारून या, मॅडम.”

आनंदी गेली. चुडीदारचा पायचा एका रबराने बांधला आणि गेली. सुरुवातीला डगमगली. मग गल्ली संपली तशी ती वळली, बाजारामागच्या चढाने वर गेली, खाली आली. परत आल्यावर तिच्या लक्षात आलं की हात, मान, सीट यांतलं काहीच तपासायचं तिला आठवलं नव्हतं. मधला बराच वेळ ती मनाने डिचोलीच्या शाळेतून घरी चाललेली होती. दहावीपर्यंत तिच्याकडे एक हिरवी लेडीज सायकल होती. लग्नात ती भावाने भंगारात दिली.

ती उतरली तेव्हा गौरेश एका लाल सायकलच्या पुढे उभा होता. रेसची, बारीक टायरची, लांबलचक. तो शेवटचा पीस होता आणि त्यावर सूटही मोठी होती. दुकानदार म्हणाला, “ही उंच माणसाची आहे.” मग त्याने गौरेशच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “पण सीट खाली करून मॅडमना पण सेट करून देतो.”

आनंदी लाल सायकलवर बसली. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलं होतं. ती हँडलकडे झुकली तर दोरीवर वाळत घातलेल्या साडीसारखी ताणली गेली. “पुरता मा?” शिवदासने विचारलं. पुरत होतं. टोकाला टोक लागत होतं. पुरतं म्हणायचं की नाही हे तिला ठरवता येईना, आणि तेवढ्यात गौरेशने “एकदम फिट!” म्हणून टाकलं.

भांडण तिथे सुरू झालं आणि कोरगावला येऊन असं पोचलं होतं.

“तू सांग मरे,” आनंदी आता शिवदासकडे वळली. “तू तरी सांग.”

शिवदासने कप खिडकीत ठेवला. “तुका निळी बरी वाटता ता खरा. पण गौरेशाचाय खोटा नाय. तांबडी घेतली तर तिगांकय चलतली. निळी घेतली तर फक्त तू.”

“मगे?”

“मगे काय? उद्या तू चार दिसांनी सोडलंस म्हणजे?”

याला काय उत्तर द्यायचं? मी सोडणार नाही, मला मयेला जायचंय, असं सांगावं, तर पुढचा प्रश्न येणार: मयेक? सायकलीन? कित्याक, आमी नेत नाय? आणि शिवदासच्या चेहऱ्यावर दुखावल्याचा तो भाव येणार, जो एकदा आला की दोन दिवस जात नाही.

शेवंतीबायने शेंगांची परात बाजूला सारली. “वाद नको. देवीक विचारूया.”

हे ऐकल्याबरोबर घरात सगळ्यांना बरं वाटलं. शिवदासने उंडा उचलून चहात बुडवला. गौरेश उठून गेला. आनंदीलाही बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. माणसांच्या हातून सुटून गोष्ट देवीकडे चालली होती.

विहीर कुठे खणायची, शिवदासला बदलीवर पाठवायचा की नाही, आनंदीची सोयरीक घ्यायची की नाही, या सगळ्याचा कौल या घराने देवळात घेतला होता. देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आनंदीच्या वेळी उजवी पडली होती, म्हणून ती इथे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवदास कोऱ्या धोतरात देवीपुढे उभा राहिला. घरचा कर्ता तो, म्हणून बोलायचं त्याने. आनंदी सासूबाईंच्या मागे खांबाशी उभी होती. शिवदासने गुरवाच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरवाने मान डोलावली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“बाय माये, ह्यो तुझो लेकरू शिवदास तुझ्या पायाकडे इलो आसा. तेच्या घरात सायकल येवची आसा. तांबडी हाडल्यान तर ती ह्या घराक फावतली? फावतली तर उजवो दी, नाय तर डावो दी. घरात सुख दी, वाद-तंटो नको दी.”

“व्हय म्हाराजा,” मागे उभे होते ते म्हणाले. आनंदीही म्हणाली. मनात ती म्हणत होती, डावो दी, बाय, डावो दी.

उजवी पाकळी वाट न बघता पडली: लाल सायकल घराला लाभणार होती. गुरवालाही हसू आलं. “तयारच आसा देवी तुमची,” तो म्हणाला. शेवंतीबायच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वळून आनंदीच्या पाठीवरून हात फिरवला. “बघलंस? तुझाच बरा बघता ती.”

माणसाशी भांडता येतं. आनंदी घरी आली, डबा भरला, कारखान्याची बस पकडली. तिचाही देवीवर विश्वास होता. तिथेच सगळं अडलं.

लाल सायकल टेंपोतून आली. शेवंतीबायने तिच्या दांड्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हँडलला झेंडूची माळ घातली आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबावरून गौरेशने ती पुढे काढली आणि तसाच फाट्यापर्यंत जाऊन आला. “विमान!” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी शिवदास एक फेरी मारून आला आणि कंबर धरून बसला. नंतर त्या दोघांपैकी कुणी सायकलला हात लावल्याचं कुणाला आठवत नाही.

आनंदी मात्र रोज निघायची. दूध तापवून, भाकऱ्या करून, डबे भरून झाले की उजाडताना. सीट अगदी तळाला नेली होती तरी पायाचे फक्त चवडे टेकत. थोडं अंतर गेलं की मानेत कळ येई, मग खांद्यांत, मग तळहातांना मुंग्या. देऊळ आलं की ती नमस्कार करायची आणि उतरून थोडी चालायची. सवय नाही म्हणून, असं ती स्वतःलाच गौरेशच्या आवाजात सांगायची.

एका रविवारी वैशाली तिच्याबरोबर आली. मागून बघत राहिली आणि तिसऱ्या वळणावर तिने आनंदीला थांबवलं. “ताई, ह्ये काय हो? तुमी तर पार आडव्या झालाय.” दोघी मिळून शोरूमला गेल्या, हँडल जवळ आणणारा आखूड जोड बसवून घेतला. हँडल थोडं जवळ आलं. थोडंच.

“दुसऱ्याचा ब्लाउज किती टाके मारून घालणार?” वैशाली म्हणाली. “तो निळी देतो म्हणतोय अजून. ही परत द्या. नुसतं कुंकू लागलंय, पुसून घेईल तो.”

“देवीन उजवो दिललो आसा, वैशाली.”

वैशाली बाटलीतलं पाणी प्यायली. तिच्या स्वतःच्या गळ्यात अंबाबाईचा टाक होता. “मग काय बोलायचं,” ती म्हणाली.

तरीही आनंदी मयेला निघाली. वडलांचा फोन आला होता. ते जुन्याच गोष्टी बोलले, आणि ठेवताना म्हणाले की आंब्याच्या झाडावर यंदा बांडगूळ फार चढलंय. त्याचा अर्थ ये, पण तसं सरळ ते कधी म्हणत नाहीत. येत्या रविवारी शिवदासला कुणाच्या तरी घरभरणीला जायचं होतं. आनंदीने “वैशालीवांगडा जातंय” असं सांगितलं आणि अंधुक उजेडात एकटी बाहेर पडली. पाठीवरच्या पिशवीत वडलांसाठी खोबऱ्याच्या वड्या होत्या.

पेडणे मागे पडेपर्यंत तिला वाटलं, जमतंय. धारगळच्या चढावर ती उतरली आणि चालत वर गेली. त्यात काही लाज नव्हती, वैशालीही कधीकधी उतरते. वर सड्यावर मोकळा वारा होता. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं. तिने हात झटकले. मग कोलवाळच्या पुलाकडे उतार लागला आणि सायकल पळायला लागली.

ब्रेक धरायला तिने बोटं लांबवली, तर बोटं कुठे आहेत तेच कळेना. डोळ्यांना दिसत होती, पण ब्रेकला लागली की नाही ते कळत नव्हतं. मागून डंपर येत होता. तिने सगळं बळ काढून पंजे आवळले, सायकल गचके खात कडेच्या मातीत गेली आणि ती गवतात बसली. पडली नाही, बसलीच. कुठे खरचटलंही नाही. डंपर निघून गेला. समोर पूल दिसत होता, पलीकडे थिवी, अस्नोडा, मुळगाव, डिचोली, मये. ती बराच वेळ हात मांडीवर ठेवून, बोटं उघडमीट करत राहिली. हातांत जीव आला, पण त्या हातांवर पुन्हा विश्वास ठेवून उरलेला उतार उतरायचं धाडस मात्र आलं नाही.

तिने शिवदासला फोन केला.

तो स्कूटरवरून आला, मागे ओळखीच्या माणसाची मालवाहू रिक्षा घेऊन. तो रागावला नाही. तिचे हात हातात घेऊन त्याने ते चोळले. “वैशाली खय?” असं त्याने विचारलं, आणि तिने “फुडे गेली” म्हटलं, तर “बरा” म्हणाला. सायकल रिक्षात चढवून त्याने ती कोरगावला पाठवली. मग घड्याळ बघितलं.

“घरभरणी आता चुकलीच. इतक्या लांब इलंव, तर चल, तुका मयेक नेतंय. बाबांक भेटशात.”

हे त्याने इतक्या चांगल्या मनाने म्हटलं की आनंदीला नको म्हणता आलं नाही. ती स्कूटरवर मागे बसली. पूल गेला, थिवी गेली, अस्नोड्याच्या बाजारात शिवदासने बाबांसाठी केळी घेतली. ज्या वाटेवरून आपण सायकलने जाऊ म्हणून तिने प्रत्येक चढ-उतार मनात मोजून ठेवला होता, ती सगळी वाट ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत गेली.

वडील दारात आले. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. “कोणावांगडा इलंस गो बाय?”

आनंदीने तोंड उघडलं. तेवढ्यात स्कूटर स्टँडवर लावत शिवदास मोठ्याने हसून म्हणाला, “माझ्यावांगडा! आणि कोणावांगडा येतली?”

“बरा झाला,” वडील म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “बरा झाला.”

खोबऱ्याच्या वड्यांचा पिशवीत चुरा झाला होता. तो त्यांनी चमच्याने खाल्ला.

घरी परत आल्यावर सायकलचं काय करायचं यावर पुन्हा सगळे बसले. विकायची नाही, हे शेवंतीबायने आधीच सांगून टाकलं. देवीने दिलेली वस्तू दाराबाहेर काढत नाहीत. रस्त्यावर चालवायची नाही, हे शिवदासने सांगितलं. “तुका काय झाला म्हणजे?” तो म्हणाला. लग्नानंतर ती स्कूटर शिकताना कंपाउंडला धडकली होती, तेव्हाही त्याने हेच म्हणून चावी कपाटावर ठेवली होती. आणि तोडगा गौरेशने काढला. मागचं चाक अडकवायचा एक स्टँड मिळतो. त्यावर सायकल जागच्या जागी चालते. त्याने तो मागवला, स्वतः बसवला, वयनीच्या शुगरसाठी.

तेव्हापासून आनंदी रोज संध्याकाळी पडवीत सायकल चालवत असे. हातांवर भार नको म्हणून ती हँडल सोडून बसायची. शेजारी शेवंतीबाय शेंगा मोडत, मागचं चाक घरघरत राही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई कौतुकाने सांगत, “आमची सून रोज सायकल मारता. घरात बसान! देवीन सांगितला ता खोटा कसा होतला? वाद नाय, तंटो नाय.” पोदेर उंडे द्यायला आला की आपल्या सायकलवर एक पाय टेकवून उभा राहायचा आणि म्हणायचा, “बाय, खंय पावली आज?” आनंदी हसायची. पहिले काही दिवस तिला खरंच हसू यायचं.

अशाच एका संध्याकाळी ती चालवत होती. शिवदास नुकताच ऑफिसातून येऊन बूट काढत होता, गौरेश मोबाइलवर काहीतरी बघत पायरीवर बसला होता. फोन वाजला. वडील होते. तिने पाय न थांबवता फोन कानाला लावला.

“घरघर कसली गो?”

“सायकल मारतंय, बाबा.”

“खय चललंस?”

“खयच नाय.”

आंब्याचं बांडगूळ काढून घेतलं, वडील म्हणाले. शेजारच्या डब्यात मीठ जास्त होतं म्हणाले. बांडगुळाचं पुन्हा एकदा सांगितलं. मग जरा चाचरत, जावयाची वेळ मागितल्यासारखं, त्यांनी विचारलं, “शिवदासाक सुटी कधी गो आता?”

आनंदीने पाय थांबवले. चाक थोडा वेळ आपसूक फिरत राहिलं आणि थांबलं.

“मी सांगतंय तुमका,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती सायकलवरून उतरली. पदराने नाही, हँडलवर लटकत असलेल्या जुन्या टॉवेलने तिने तोंड पुसलं. देवळातलं गाऱ्हाणं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. गेले कित्येक दिवस, पडवीत जागच्या जागी पाय मारताना, तिच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

“आई, देवीक काय विचारललास?” तिने विचारलं.

“काय म्हणजे? सायकलीचा.”

“तांबडी ह्या घराक फावतली काय, असा विचारल्यानी. तिणा व्हय म्हटल्यान. ती खोटा बोलली नाय. तांबडी घराक फावली. ती घरात आसा, कोण भांडणा नाय.” तिचा आवाज चढला नव्हता. “माका फावता काय, ता कोणी विचारूकच नाय.”

शेवंतीबायच्या हातातली शेंग तशीच राहिली. शिवदास एका पायात बूट घेऊन वर बघायला लागला.

“मग आता परत कौल लावया म्हणतंस?” त्याने विचारलं.

“नाय. लावचो नाय.” आनंदीने टॉवेल घडी करून लाल सायकलच्या सीटवर ठेवला. “तांबडी हयच रवांदे. निळी मी हाडतंय. शनवारी वैशालीवांगडा जातंय आणि घेऊन येतंय. ती माझ्या मापाची. तिच्यार घरातलो दुसरो कोण बसाचो नाय. आणि आयतारी मी मयेक जातंय. एकटीच.”